खोटारडा सतरा

...नाही हो, बसा, बसा. आत आता कुणालाच सोडत नाहीत. पाहुणे आलेत ना, आठ जण, वरच्या कचेरीतून — मला सोडत नाहीत, तिथं तुम्हाला कुठले सोडतायत! बुटांना चिखल आहे म्हणून नव्हे. माझ्या चपला बघा, चकाचक आहेत, तरी मी बाकावरच. साहेबांची सही हवीय ना? मिळेल. अकरा वाजू देत. अकरा वाजले की साहेब स्वतः या दारातून बाहेर येतील, बघाच तुम्ही — आणि तुमच्याकडे नाही यायचे, माझ्याकडे येतील. हात जोडून. तेवढ्यासाठी तर रेकॉर्डरूमला कुलूप ठोकून इथं येऊन बसलेय.

मी कोण? बघा, हेच. एकोणीस वर्षं या इमारतीत काढली आणि बाकावरचा माणूस विचारतो, तुम्ही कोण. तुमचा दोष नाही हो दादा. ती खिडकीतून भिंत दिसतेय ना, धरणाची — तिच्या पोटात अठ्ठेचाळीस सेन्सर आहेत. पाणी आतून किती रेटतंय ते सांगतात. तुम्हाला माहितीये? असेल, सगळ्यांनाच वाटतं आपल्याला माहितीये — ऐका तर. रोज सकाळी प्रत्येकाची एक फाइल येते. अठ्ठेचाळीस फायली! त्या मी एकेक उघडायची, एकेक वाचायची, कोण बरळतोय ते बघायची, मग सॉफ्टवेअरमध्ये भरायची, रंग लावायचे, पडद्यावर भिंत फिरवून समोर आणायची. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धावा. दोन तास जायचे. साहेब मला 'रंगारीण बाई' म्हणायचा. पाहुण्यांसमोर! 'आमच्या रंगारीण बाई, रोज भिंत रंगवतात' — आणि हसायचा. मीही हसायची, मूर्खासारखी.

मग म्हटलं, हे हातानं का करायचं? कुणी शिकवलं नाही हो. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळी आणि एक हात कीबोर्डवर, सात महिने — शिकले आणि प्रोग्राम लिहिला. एक बटण दाबलं की अठ्ठेचाळीस फायली आपोआप उघडतात, आपोआप रंगतात, भिंत गर्रकन वळून समोर उभी राहते. मिनिटभर नाही लागत! पहिल्यांदा चाललं ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. घरी सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, म्हणजे आता लवकर येशील का? त्यांना तेवढंच.

आणि मी काय केलं? हौसेनं साहेबाला दाखवायला गेले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! महिन्याभरात हा मोठ्या परिषदेत जाऊन तोच प्रोग्राम दाखवून आला. पहिल्या पानावर स्वतःचं नाव. शेवटच्या पानावर आभार — वरिष्ठांचे, सहकाऱ्यांचे, बायकोचे, प्रोजेक्टर लावणाऱ्याचेसुद्धा. माझं? शोधा, सापडलं तर मला सांगा. आणि परत आल्यावर म्हणतो, बाई, आता सगळं आपोआप होतं, तुम्ही कशाला डोळे फोडून घेता, रेकॉर्डरूम सांभाळा. गरज सरो, वैद्य मरो! माझ्याच हातानं माझी खुर्ची काढली हो मी. चार महिने झाले. तळघर आहे ते. कागद येतात, मी फायलीत कोंबते. वाचत नाही. शपथेवर सांगते, एक ओळ वाचत नाही! रेकॉर्डरूम 'सांभाळा' म्हणाला ना? सांभाळते. वाचा असं कुठं म्हणाला?

थांबा हो, कागद काय दाखवताय सारखा, मी काय सही करणारय? ठेवा तो खिशात. खरी गंमत पुढंच आहे.

त्या अठ्ठेचाळिसांत एक आहे सतरा नंबर. एकदम खाली, तळाशी. महाखोटारडा! जरा ओल लागली की नव्याण्णव हजार म्हणून ओरडायचा. आणि सॉफ्टवेअरचं कसं आहे, ते बिचारं सगळ्यांत मोठ्या आकड्याला लाल देतं आणि बाकीच्यांना त्या हिशेबानं रंग वाटतं. म्हणजे एक सतरा बोंबलला की सगळी भिंत निळीशार आणि खाली कोपऱ्यात एकच लाल डाग. चित्राची पार माती. म्हणून मी काय केलं होतं — प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली होती. 'सतरा वगळ.' बस. कुणाला सांगितली नाही, कुठं लिहून ठेवली नाही. आम्हा लोकांची ही खोडच — आपल्याला माहितीये ना, मग झालं.

काल संध्याकाळी ती ओळ मी काढून टाकली.

असे बघू नका! पासवर्ड अजून माझाच आहे, लेकीचं पाळण्यातलं नाव. बदलायचंसुद्धा सुचलं नाही त्या शहाण्याला. आता तो पाहुण्यांसमोर ऐटीत बटण दाबणार, आणि समोर काय? निळा फळा आणि एक डाग! पाहुणे विचारणार, हे काय हो? आणि ह्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं मी, सतरा खोटारडा आहे म्हणून, तेव्हा खो-खो हसला होता, तेवढंच. विसरला असणार. मग तोंडचं पाणी पळेल, कपाळाला घाम येईल, आणि येईल बाहेर. 'बाई, जरा आत येता का?' आणि मी — हे वाक्य चार महिने घोटतेय मी, भांडी घासताना, सासूबाईंचे पाय चेपताना — मी म्हणणार, 'साहेब, माझं काम रेकॉर्डरूमचं.' आणि उठायचं नाही. पदर सावरून बसून राहायचं. कुणाचं काही बिघडत नाही हो यात, भिंत कुठं पळून जातेय? त्याचं नाक तेवढं खाली. परवापासून मला तर भूकसुद्धा लागत नाहीये आनंदानं. तिकडं भिंतीच्या पायथ्याशी, आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आठवडाभर पाणी साचतंय, सासूबाई ओरडतायत प्लंबरला बोलाव म्हणून — म्हटलं थांबा हो, आधी हा नळ दुरुस्त करते!

काय? पिशवीत काय आहे? दाखवा. अगं बाई, हा सेन्सर आहे. गंजलाय पार. कुठून काढलात?

कितवा?

नाही, नाही, सतरा कसा असेल, सतरा तर... कधी बदललात? नऊ दिवस? कोऱ्या डब्यातला नवा? तुम्ही स्वतः भिंतीतल्या बोगद्यात उतरून? मग हे आधी नाही का बोलायचं! — हो, हो, मी बोलू दिलं नाही, कळलं. थांबा. म्हणजे नवा खोटं बोलत नसणार. म्हणजे मी ओळ काढली ते... त्याच्या पथ्यावरच पडलं! शी! म्हणजे आत्ता आत टाळ्या पडतील? चार महिने मी दात-ओठ खाल्ले आणि शेवटी त्याचंच भलं—

काय म्हणालात? सतराचा आकडा चढतोय? किती? रोज? आणा, द्या तो कागद. माझा चष्मा... हा आकडा कालचा? आणि हा आजचा? तीनदा मोजलात? शेजारचा सोळा? तोही वर सरकायला लागलाय... दादा, अहो, हे घेऊन तुम्ही तासभर माझी बडबड ऐकत बसलात?

पण नऊ दिवस कुणाला दिसलं कसं नाही? रोज सकाळी तर चित्र... ओळ. माझी ओळ. कालपर्यंत होती ना ती. तो ओरडत होता आणि मी त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं. पण सेन्सर बदलला की चिठ्ठी पाठवायची असते, नियम आहे, तुम्ही चिठ्ठी का नाही — पाठवलीत? कुठं?

रेकॉर्डरूमला.

...अंगणातलं पाणी. आई गं. नळ नाहीच आहे हो त्या बाजूला. सासूबाईंना उठताही येत नाही.

अकरा वाजले. आला. आला बघा, आणि हसतोय. त्याला आठवलं. — 'बाई, बऱ्या सापडलात, आत या जरा. तो कोपऱ्यातला डाग म्हणजे आपला सतराच ना, नेहमीचा खोटारडा? पाहुण्यांना तुमच्या तोंडूनच सांगा.' — ऐकलंत ना, दादा? माझ्या तोंडून. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

उठा. तो कागद घ्या, आणि ती पिशवी. चिखलाचं राहू द्या, या तसेच.

साहेब, दारातून बाजूला व्हा. सतरा नऊ दिवस खरं बोलतोय. खोटारडी मी. ते सांगते मी आत, सगळ्यांसमोर, तुम्ही प्रोग्राम कुणी लिहिला ते सांगा. पण आधी धोक्याचा भोंगा वाजवा.