चौथं कडवं

नाही हो, चष्मा लावलाय मी, वाचता येतंय मला — या पत्रकात माझ्या गाण्याची तीनच कडवी छापलीत तुम्ही. चौथं कुठंय? जागा पुरली नाही म्हणता? बरं. नगराध्यक्षांचा फोटो तेवढा पानभर बसला. बसा साहेब, उभे नका राहू, नगरपालिकेचा माणूस आला म्हणून मी काही चावत नाही. पाव घ्या. वर ही डुकराची खारवलेली चरबी घ्या, आमच्याच संगमरवरी कुंडीत सहा महिने मुरलीय, तुमच्या खाली शहरात असली मिळायची नाही. म्हणजे शनिवारी चौकात त्या चौघांच्या नावाचा दगड उभा राहणार, मी तिथं गाणार, आणि ज्या कडव्यात ते चौघं कसे मेले ते आहे, तेवढं गाळायचं — कारण दगड खाणमालक ओर्सुच्चींच्या पोरांनी फुकट दिलाय. असंच ना? मान खाली घालू नका, खा.

माझं नाव माहितीय ना, रिबेल्ला — बंडखोर. बापानं ठेवलं. पाद्री म्हणाला, असल्या नावाच्या पोरीला मी बाप्तिस्मा देणार नाही. बाप म्हणाला, मागितलाय कुणी? भावाचं नाव स्पार्ताको, रोमविरुद्ध उठलेल्या त्या गुलामाचं. तो संगमरवराच्या खाणीत कामाला गेला, मी ॲकॉर्डियन घेऊन संपाच्या ट्रकवर चढले. एकाहत्तर साली वरची खाण कोसळली. माणूस मेल्याचं शिंग वाजलं की सगळ्या खाणी काम टाकतात, ही इथली रीत आहे — त्या दिवशी अख्खा डोंगर गप्प झाला आणि बायका चढणीला लागल्या. आई सगळ्यांत पुढं होती. पुढं मी गाणं केलं. चौथं कडवं असं आहे, पाठच करून जा —

सोमवारी तडा दिसला, मंगळवारी सांगितला,
बुधवारी ओर्सुच्ची म्हणाले, डोंगर कधी बोलतो का?
गुरुवारी डोंगर बोलला.

आणि मग नावं. एलिओ, सान्ते, अर्जेन्तीनो, स्पार्ताको. ॲकॉर्डियन बंद ठेवायचं, आणि एकेका नावावर ऐकणाऱ्यांनी टेबलावर एकदा मूठ आपटायची. हे मी नाही शिकवलं, पहिल्याच दिवशी बारमध्ये लोकांनीच सुरू केलं. ते चौघं तिथंच बसायचे.

हे काय लिहिलंय खाली? 'चौऱ्याहत्तर साली टीव्हीवाल्यांनी जिचं गाणं कापलं, तरी जी झुकली नाही.' सगळीकडे हेच छापतात. पन्नास वर्षं ऐकतेय. छान वाटतं ऐकायला — खोटं कशाला बोलू, छानच वाटत आलंय. कार्यक्रम थेट होता, साहेब. थेट चाललेलं गाणं कोण कसं कापणार? एक गृहस्थ आला, गोरागोमटा, अगदी तुमच्यासारखा, स्टुडिओत माझ्या खोलीच्या दारावर टकटक करून म्हणाला, बाई, तीनच कडवी म्हणाल का, तेवढं सोयीचं पडेल. एवढंच. धमकी नाही, काही नाही. आणि मी — मी नवी कातडी चप्पल घातली होती, केस करून घेतले होते, मला वाटलं, सगळा देश बघतोय, तीन तर तीन.

इकडं बारमध्ये सगळं गाव टीव्हीपुढं. तिसरं कडवं संपलं तशा सगळ्यांनी मुठी वर घेतल्या. आणि मी पडद्यावर मान लववून हसले. ते तसेच बसले होते, हात वर धरून. बारवाल्यानं सांगितलं मला, आईची मूठ सगळ्यांत शेवटी खाली आली. दोन दिवसांनी मी घरी आले, वाटेत त्यानंच विचारलं, कापलं ना गं त्यांनी? आणि मी हं म्हटलं. त्या एका हुंकारावर मी जन्मभर मिरवले. गावानं कधी उलटून विचारलं नाही — सगळ्यांनी मला वाकताना पाहिलं होतं, तरी नाही. आई पण नाही. सूप वाढलं, समोर बसली. मात्र मरेपर्यंत मला कधी म्हणाली नाही, रिबेल्ला, ते गाणं म्हण. माझी लाज वाटत होती तिला, दुसरं काय.

हे मी तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे. चरबीचा गुण असेल. द्या तो पेन. द्या म्हणते ना. ही ओळ खोडली. वर लिहा — थांबा, मीच लिहिते, तुम्ही पाव खा — 'कुणी कापलं नाही, हिनंच गिळलं.' आणि इथं, नगराध्यक्षांच्या फोटोवर, चौथं कडवं. हो, फोटोवरच, तुम्हीच म्हणालात ना जागा नाही.

शनिवारी मी येणार. बोलवा नाहीतर नका बोलवू. माइक बंद केलात तर माझा गळा आहे, आणि चौकातल्या बारची टेबलं लोखंडी आहेत. जा आता. तो पाव खात खात जा.