दारात अडकलेला कडप्पा

अजी नाई, तिकडं नका पाहू पाव्हणे — इकडं तोंड करून बसा, इकडून वारा बी येते. धामणगाव बढ्याहून आमच्या डोणगावले यायचं म्हणजे काय जवळ आहे का, हाडं खिळखिळी होतात त्या यष्टीत. मी निवृत्ती. पोरीचा सख्खा चुलता. उकंडराव, पोरीचा बाप, तो माह्याहून मोठा. तो? तो वावरात गेला. येईन आता. — कोण खोकललं? मांजर असन. — हाव, मांजर खोकलत नाई, बरोबर आहे तुमचं. बरं, तुमच्यापासून काय लपवू, पोराचे बाप, उद्याचे सोयरे तुमी. उकंडराव घरातच आहे. सैपाकघरात. वयनी बी तिथंच, न् कोकिळा बी तिथंच — तुमी जिले पाहाले आले, ती. रागावले-बिगावले नाईत कोणी. त्यायले बाहेर येता येत नाई, एवढंच.

ते काळं दिसते ना सैपाकघराच्या दारात — दार नोहे ते. कडप्पा आहे. ओट्याचा दगड. सकाळी आत घालून राह्यलो होतो. हमाल बाहेरून लोटत, उकंडराव आतून ओढे, न् मी मधात सांगू, असं करा, तसं करा. दगड सात फुटाचा, न् दार आमच्या आज्यानं बांधलेलं, वाकून जायचं. तं त्याले उभा केला, तिरपा घातला — वर चौकटीले टेकला, खाली उंबऱ्याले, न् बसला. डब्यावर झाकण बसते तसा. हालेना. हमाल म्हणे जेवून येतो. गेले ते गेले. दुसरं दार? नाई जी. धुराची एक खिडकी आहे, तिच्यातून कोंबडी निघते. उकंडराव नाई निघत. पाह्यलं त्यानं निघून. मंग त्याले मागं ओढाले वयनीले अर्धा पहर गेला.

तुमी म्हणसान, पोरगी दाखवायच्या दिवशीच हे काऊन काढलं? अजी, तुमच्यामुळंच तं! — म्हणजे तुमच्यावर नाई ढकलत मी. आपले मधले माणूस अर्जुनराव, ते आले न् म्हणे, पोरगा पाटबंधाऱ्यात ओव्हरशेर आहे, घरी उभा ओटा आहे, सासू उभ्यानं सैपाक करते, तुमच्या पोरीले उभ्यानं येते का? उकंडरावाच्या तोंडचं पाणीच पळालं. ह्या घरात आजवर कोणी उभ्यानं भाकर थापली नाई. वयनी म्हणे, उभ्यानं काय न् बसून काय, हात तं तेच. उकंडराव म्हणे, हात तेच, पण जमाना तो नाई. आता महाराष्ट्र झाला, आता बसून नाई चालत. दोन दिवस तं तो सोताच सगळं उभ्यानं करे. जेवे बी उभ्यानं. पोट दुखाले लागलं तवा बसला.

मंग ओटा कशाचा? शिमिटाचा म्हणावं तं शिमिट परवान्यावर, परवाना येईस्तोवर पोरगी म्हातारी होईन. सागाची फळी टाका, मी म्हटलं — तं म्हणे इष्टो भडकला की ओटा पहिले पेटन. चिनी मातीच्या पांढऱ्या फरशा आणल्या नमुन्याले, तं वयनी म्हणे, दवाखान्यावानी दिसते, वांगं कापतानी मलेच भेव वाटन. राह्यले दोन — पिवळा शहाबादी न् काळा कडप्पा. उकंडरावानं दोहीचे तुकडे पिशवीत घातले न् जाईन तिकडं संगं नेले. त्यायच्यावर हळद ओतली, चिंच कोळली, तापला तवा ठेवला. उन्हात ठेवले. नदीत बुडवून ठेवले. — काऊन? आता दगडाले भिजून काय होते मले काय माहीत, पण त्यानं ठेवले, न् वर राखण करत बसला. मंग एक दिवस पारावर माणसं बसवले. कोकिळेनं एक भाकर ह्या दगडावर थापली, एक त्या दगडावर, न् उकंडराव म्हणे, डोळे झाका न् सांगा, कोणत्या दगडाची चव चांगली. खाल्ली जी लोकायनं! डोळे झाकून! गावात दोन पार्ट्या झाल्या. शहाबादीवाले कडप्पावाल्यायच्या घरी विरजण मागाले जाईनात. मले? मले काईच फरक नाई लागला. पण कोकिळा टक लावून माह्याकडं पाहून राह्यली होती — मी म्हटलं, काळा.

तिले काळाच पायजे होता ना. काऊन म्हणजे — वयनीचे गुडघे गेले जी. चुलीपासून उठतानी भिंत धरा लागते. आत गेले तं दिसन तुमाले, चुलीजवळच्या भिंतीवर हाताचे काळे ठसे, एकावर एक. कोकिळा मले म्हणे, काका, मी लग्न होऊन गेल्यावर आई उठन कशी? न् पिवळा दगड घेतला तं डाग दिसतीन, बाबा रोज घासाले लावतीन तिले. काळ्यावर काई दिसत नाई. म्हणजे तुमच्यासाठी नोहेच तो ओटा, आईसाठी — हे बोलायचं नव्हतं मले. उकंडरावानं बजावलं होतं, पोरगी लग्नाले लय खुशी आहे असंच सांग. आहे जी, खुशीच आहे! तोंडानं जराशी — म्हणजे अर्जुनरावानं तसं इचारलं, उभ्यानं येते का, तं ही आतून म्हणे, पोराले बसून जेवता येते का, ते इचारा पहिले. — हासले तुमी? हासले ना? उकंडा, पाव्हणे हासले रे!

घ्या, च्या आला. दगडाच्या बाजूच्या फटीतून घ्या, हळू, गरम आहे. तो हात कोकिळेचा बरं. वयनीचा नाई, वयनीच्या हातात पाटल्या आहेत. पाहून घ्या नीट — बाकीची पोरगी बी अशीच आहे. कोकिळे, दुसरा हात दाखव माय. — नाई म्हणते. एकच पुरे म्हणते.

काय म्हणता? कोणाच्या घरी नाई? तुमच्या? तुमच्या घरी ओटाच नाई? म्हणजे कोकिळेची सासू — म्हणजे तुमच्या घरचे — बसूनच? चुलीपाशी? न् अर्जुनराव तं — तुमाले काय सांगतलं त्यानं? की आमची पोरगी बसून सैपाक करतच नाई? ओट्याबिगर ह्या घरची पोरगी मिळत नाई? बाप्पा! मंग तुमी बी घेतला का? कशाचा? शहाबादी! कुठं बसवला? — आंगणात आहे. पोरगा त्याच्यावर झोपते. बरं, बरं, थंड लागत असन. न् घेतला कोणापासून जी? — मेहकरात? नाक्यावरच्या दुकानातून? अजी, आमी बी तिथूनच! तो दुकानवाला तं अर्जुनरावाचा साळा! उकंडा, आयकतं का रे, आपल्याले पोरगा नाई दाखवला त्यानं, दगड दाखवला!

उठले काऊन? पाव्हणे, असं नका करू. पोरगी लाखाची आहे, अर्जुनरावाच्या पायी तिच्यावर राग नका काढू — बसा, मी पाया पडतो तुमच्या, च्या तरी — टोपी काऊन काढली? कोट बी? — नाई, नाई, नाई, सोयऱ्यानं हात नाई लावायचा, लोकं काय म्हणतीन! — बरं. मंग तुमी खालून धरा, मी खांदा देतो. उकंडा, मागं हट! वयनीले घे भिंतीपाशी! हं — लोटा — आणखीन — सरकला, सरकला जी, लोटा —

…

कोणाले लागलं का? वयनी? उकंडा? — बरं. धूळ बसू द्या जराशी. तुमाले? खरचटलं? — दोन तुकडे झाले जी. पाहा ना. दोन.

ही कोकिळा. रोज अशी नसते दिसत, धुळीनं माखली आज. कोकिळे, पाव्हण्याच्या पाया पड. अवं कोकिळे. — काय करून राह्यली ती? — दगड मोजते. मोठा तुकडा, वितीनं. — आईले एवढा पुरते म्हणते. इष्टो इकडं राह्यन, न् परात इकडं. — वयनी, तुमी काऊन रडता, पुरते म्हणून राह्यली ना ती.

काय म्हणले पाव्हणे? पोरगा? पोरगा कुठं आहे? ष्टँडावर? सकाळपासून? तुमी घर पाहून मंग त्याले बोलावणार होते? बाप्पा, ह्या उन्हात! जा जी, जा, घेऊन या त्याले पहिले. पाटी वाचत बसला असन बिचारा. — काय वं कोकिळे? — ती म्हणते, त्याले म्हणा, इस्तरीचे कपडे असतीन तं बदलून या, दगड उचलायचा आहे. मी नाई म्हणत जी, ती म्हणते. — न् मले म्हणते, काका, तुमी आता एक अक्षर बोलू नका.

बरं. नाई बोलत.

जा तुमी.