उन्हात मुरवलेली बिअर

हॅलो?… बोल तनिष… नाही रे, शनिवार आहे, सोफ्यावर पडलोय. तू कुजबुजतोयस का?… बाथरूममधून? का?… अच्छा, शुभ्राचे बाबा जेवायला आलेत. तुझ्या अल मनखूलच्या घरी. पहिल्यांदाच. जावई बघायला. छान की… मग पुढे काय ठेवलंस त्यांच्या?

काय?… माझी बिअर?

हो, हो, ओरडू नको… इथे आखातात घरी बनवणं गुन्हा, फोनवर 'लोणचं' म्हणायचं, माहितीये, मीच ठरवलंय ते. तर माझं लोणचं… म्हणजे आपली रूम सोडताना कपाटातला खोका तूच उचललास! अरे, त्यानेच चोरला समजून मी महिनाभर वॉचमन यहयाशी बोलत नाहीये! तो सलाम करतो, मी लिफ्टची बटणं वाचतो!

नाही, रागावलो नाही. सांग, चव कशी लागतेय?… ओल्या पुठ्ठ्यासारखी. आणि वास?… जळक्या रबराचा. बरं… अरे, अशी कशी? भरली तेव्हा हिरव्या सफरचंदासारखी लागत होती. कोवळी असते तेव्हा. तीन आठवड्यांत ते जातं, गॅस धरतो. सहा आठवड्यांनी कडवटपणा बसतो, मग कशी गोल लागते… गोल म्हणजे… सोड, तुला नाही कळायचं.

तू ठेवली कुठे होतीस?… बाल्कनीत… उन्हात?… ऑगस्टच्या?… पण का!… हो, खोक्यावर अक्षर माझंच. 'लोणचं. मुरतंय. हात लावू नये.' पण म्हणून… तुझी आई बरण्या उन्हात ठेवते. बरोबर. रोज हलवते. बरोबर… तूही हलवलीस. आठ दिवस, रोज… वरून फडकं बांधलंस…

हसत नाहीये. खोकला आहे.

काका काय म्हणाले?… 'कशी मुरवलीस?'… का, त्यांना काय कळतं त्यातलं?… ब्रूअरीत होते? पंचवीस वर्षं? चव घ्यायलाच?… हबीबी, खलास… रडू नको. आणि त्यांना सांगितलंयस की तूच बनवलीस… शुभ्रालाही. वा.

ऐक ना, वाचवतो तुला. बाहेर जा. ताठ बस. आणि सांग, 'काका, आठ दिवस बाल्कनीच्या उन्हात, रोज हलवून.' अगदी असंच… इन्शाल्ला खूश होतील. यल्ला, चल. फोन चालू ठेव फक्त.

…

हां, ऐकतोय… हां… सांगितलंस… अरे, काकांना ठसका लागला का?… पाणी दे ना त्यांना!… कोण हसतंय, शुभ्रा?… तनिष, माझं नाव कशाला घेतोस आता?… फोन कुणाला देतोयस?

हॅलो… नमस्कार काका. हो, निखिल… मीच बनवलेली. त्याने फक्त भाजली… नाही, नाही, अंधारात होती, कपाटात. सहा आठवड्यांचा बेत होता… हो ना, वाईट वाटतं… दुसरी आहे ना. पाचवा आठवडा चालू आहे तिचा… इकडे, डिस्कव्हरी गार्डन्सला. तुम्ही चव घ्यायला याल? खरंच?… पुढचा शनिवार, चालेल… शुभ्रालाही आणा ना… मी? नाही काका, अजून नाही झालं लग्न… इंजिनिअर. मूळचे साताऱ्याचे…

तनिष? तो बसलाय ना तिथेच?… मग सगळं शनिवारी बोलू, काका. त्याच्या फोनवरून बरं नाही वाटत. ठेवतो.