शोभानं आधी विचारलं

मुलांनो, कल्पना करा: तुम्ही सक्करदऱ्याच्या दवाखान्यात बसला आहात आणि तुमचा धाकटा भाऊ सुजलेलं मनगट पोटाशी धरून रडतोय. तो डॉक्टरांनाही हात लावू देत नाही. सुमेधा अशीच मिलिंदजवळ बसली होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“रंभामावशी, खांदा दुखते नं? मी मुंबईहून रेकी शिकून आली, हात ठेवून आराम द्यायची जपानी रीत. हात ठेवू का?”

“ठेव नं. पण तेल कुठं हाय वं, शोभा?”

“तेल नाही लागत. नुसता हात ठेवाचा.”

“मंग दाब नं जोरात! काहून थांबली?”

“दाबाचं नाही. गप बसा जरा.”

“झोपली का तू? हात तर गरम लागून राहिला! खांदा हलका वाटते, आता डॉक्टरले काय दाखवू?”

“खांदाच दाखवा. रेकी घेतली तरी डॉक्टर सोडाचा नाही.”

“माह्या सासूनं न इचारताच रगडलं असतं. तू काहून इचारलं वं?”

“इचारल्याबिगर आम्ही रेकीवाले हात ठेवतच नाही. समोरचा नाही म्हणला, तं नाही.”

सकाळपासून आईनं, आजीनं, कंपाउंडरनं मिलिंदचा हात ओढून पाहिला होता. मागचं बोलणं ऐकून सुमेधा त्याच्याकडे वळली.

“मिलिंद, मी हात ठेवू का?”

आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत तिनं आपले दोन्ही हात मांडीवरच ठेवले.