बिडी कधी ओढली नाय मी

माझं माहेर कन्नडकडचं, घाटाच्या अंगाला. धनगराचं घर, बाप मेंढरं घेऊन हिंडायचा अन् आम्ही लेकरं मागं. अशी चालायची मी, काय सांगू तुम्हाला, बाप म्हणायचा, सरू, मेंढरं दमतील पण तू नाय दमायची. आता दारापर्यंत गेले तरी बसावं लागतं.

लगीन झालं, वाळूजला कंपन्या उभ्या राहू लागल्या, तवा आमचे मालक तिथं कामाला लागले. शेजारच्या खोल्यांत सगळी एकटी माणसं, शिफ्ट करून यायची अन् उपाशी झोपायची. मालक म्हणले, चार भाकरी जास्तीच्या थापशील का. चाराच्या चाळीस झाल्या, खानावळच झाली म्हणा ना. चूल खोलीतच, खिडकी नाय, अन् सरपण म्हणजे मशिनीच्या खोक्यांच्या रंगवलेल्या फळ्या. धूर असा का डोळं उघडायचं नाय. तरी बारा वर्षं थापल्या. आवडायचं मला, खोटं कशाला बोलू.

मग खोकला लागला, खोकल्यामागं धाप. डॉक्टर इचारायचे, बिडी ओढता का. नाय म्हणलं की सुई द्यायचे, जा घरी. एकानं तर थुंकी तपासली नाय, छातीचा फोटो काढला नाय, सरळ टीबीच्या गोळ्या चालू केल्या. निम्मं गिऱ्हाईक तुटलं, टीबीवालीच्या हातचं कोण खाईल. मालक मात्र माझंच ताट ओढून त्यात जेवायचे. मी म्हणायचे, अहो, लागंल तुम्हाला. ते म्हणायचे, लागू दे, दोघं मिळून खोकू.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आमच्याकडं सुदाम जेवायचा, जालन्याकडचा, जयभीमवाला, मोर्च्यात लई पुढं. गल्लीतले म्हणले, त्याचं ताट बंद कर. म्या म्हणलं, माझ्या हातचं तुम्ही सोडलं, त्यानं नाय सोडलं, अन् मी त्याला सोडू व्हय?

एक दिवस दुपारी माझा श्वासच अडकला. बंद होता, एसटी नाय, रिक्षा नाय, गावातले दवाखाने कुलूपबंद. ओठ निळे पडले म्हणे माझे. सुदाम रस्त्यावर पळाला, दुधाचा टेम्पो आला त्याच्यापुढं आडवा उभा राहिला. मालकानं मला आत घेतलं, सुदाम मागं चढला. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, सुदामच्या खिशाला मोर्च्याचा बिल्ला दिसला, खाली उतर म्हणले. तो म्हणला, मला ठेवा इथं, माझ्या बहिणीला जाऊ द्या. बहीण म्हणला हो मला. टेम्पो सुटला, तो तिथंच राहिला.

सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तिथली डॉक्टरीण माझ्या चटक्यांनी काळवंडलेल्या हाताकडं बघत बसली अन् म्हणली, बाई, भाकऱ्या कशावर करता. मला रडूच आलं. इतक्या वर्षांत कुणी चुलीचं इचारलंच नव्हतं. ती म्हणली, ही टीबी नाय, धुरानं फुफ्फुस खराब झालंय, पहिल्यासारखं व्हायचं नाय, पण सांभाळता येईल. दुसऱ्या दिवशी सुदाम आला, सुजलेल्या तोंडानं, हातात दोन मोसंब्या. मालक त्याच्या गळ्यात पडून रडले.

मग श्वासाचा पंप दिला. पण घ्यायचा कसा ते कुणी दाखवलं नाय. मी तोंडात फवारा मारायची अन् गिळायची, दोन वर्षं! वर बाया म्हणायच्या, पंपाची सवय लागती, पंप म्हणजे शेवटचं औषध. म्हणून लपवून घ्यायची. शेवटी एका सिस्टरनं इचारलं, घेऊन दाखव बरं. बघून हसली, मग माझा हात धरून शिकवलं, श्वास सोड, तोंडात धर, आत ओढताना दाब, अन् दहा आकडे दम धर.

आता गॅस हाये. सुदामची बायको महिन्याला येऊन जाती, मला वन्सं म्हणती. दवाखान्यात कधी पंप संपलेला असतो, पुढच्या आठवड्यात या म्हणतात, दोन बस बदलून परत यायचं. काय करणार, जाते. मालक संगं असतात. पंप घेताना आकडे तेच मोजतात, मला दम धरून बोलता येत नाय ना. मुद्दाम सावकाश मोजतात अन् नऊवर थांबून माझ्या तोंडाकडं बघत बसतात. मी डोळे वटारते, तवा कुठं दहा म्हणतात. असू द्या, म्हणू द्या त्यांना. देवानं त्यांचा आवाज ठणठणीत ठेवावा.