फुगडी, व्होल्टेज आणि नाशिकची बदली

...आणि वर हे मलाच म्हणतात, 'अगं, घाबरायचं काय त्यात, टेप तर लावायचाय!' टेप तर लावायचाय? तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून टेपरेकॉर्डर दिसला तरी माझे हातपाय गार पडतात!

गेल्या श्रावणात लखनौच्या अलीगंजला सरलाताईंकडे मंगळागौर. सरलाताई म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. म्हणाल्या, 'टेप तूच सांभाळ, तुला गाण्यातलं कळतं गं!' काय कळतं? झिम्म्याला हसरं लावायचं, फुगडीला चढतं, दम गेला की उतरतं... संपलं माझं संगीत! आपल्याकडे बायका तोंडाने गातात, समोरचीचा चेहरा पाहून लय आवरतात. इथे लखनौत अर्ध्या जणींना शब्दच येत नाहीत, म्हणून मी आपली माझ्याच आवाजात कॅसेट भरली. पण कॅसेटला डोळे असतात का हो? म्हणून माझं बोट बटणावर आणि जीव टांगणीला!

त्यात सरलाताईंबरोबर फुगडीला कोण उठलं? लतिकाबाई! ह्यांच्या बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या मिसेस! आमची नाशिकची बदली त्याच साहेबांच्या हातात. सकाळीच ह्यांनी दम भरलेला, 'त्या बाईंना काही झालं ना, तर नाशिक विसर. इथल्या चिनहटच्या ब्रँचमध्येच रिटायर होईन मी!'

लावलं गाणं. आणि व्होल्टेज गेलं खाली! पंखा मरगळला, माझा आवाज म्हशीसारखा... लतिकाबाई गरगरायच्या सोडून डुलतायत. मागून कोणीतरी म्हणालं, 'अहो, फुगडी आहे की शोकसभा?' मी कसनुसं हसले. बोट बटणावर!

तेवढ्यात गल्लीतून कोणीतरी ओरडलं, 'आ गई, फुल आ गई!' म्हणजे व्होल्टेज फुल! आणि काय सांगू... पंखा भणाणला, कॅसेटमधली मी चिमणीसारखी चिवचिवायला लागले, आणि त्या दोघी? भिंगरी! नुसते पदर दिसतायत, माणसं दिसतच नाहीत! शेजारून आमची अश्लेषा, 'मम्मी, बंद करो ना!' अगं बंद कशी करू? मधेच गाणं तोडलं की हात सुटणार, हात सुटले की सरलाताई कूलरवर आणि नाशिक शोकेसमध्ये! चालू ठेवावं तर दोघी छतातून बाहेर! देवा, मंगळागौरी, कोणी असेल ते... माझं बोट बटणावर, डोळे मिटलेले, आणि...

लाइटच गेली.

खाटकन गाणं बंद. मग धप्प! आणि मग काहीच नाही हो. एक बांगडीसुद्धा वाजेना. मनात म्हटलं, गेलं. नाशिक गेलं, नोकरी गेली, आता साहेबांना काय तोंड दाखवू?

आणि जमिनीवरून आवाज आला... हसण्याचा! लतिकाबाई खाली अंथरलेल्या गादीवर फतकल मारून, केस मोकळे, पोट धरून हसतायत. 'अय्या, लग्नानंतर पहिल्यांदा अशी फुगडी खेळले! आधी संथ, मग चढत चढत, आणि बरोबर वेळेला कट! टेपवर कोण आहे गं?'

सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मी म्हटलं, 'मी... म्हणजे... थोडं लाइटचंही...' पण ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी हे बँकेतून आले. बूटही न काढता बसून राहिले. म्हटलं, 'अहो, झालं काय? साहेब रागावले?'

'नाही. खूश आहेत. म्हणाले, पोतनीस, घरून ऑर्डर आहे, तुम्हाला लखनौतून हलवायचं नाही. दरवर्षी टेपवर वहिनीच हव्यात.'

तर आता काय... यंदाचा श्रावण आलाच आहे. बोट बटणावर!