कापसाची गादी

…थांब, थांब माया, ते परत म्हण बघू. 'ताई, मी परवानगी मागत नाहीये, तुम्हाला कळवतेय' — असंच म्हणालीस ना? अगं, पण हे माझंच वाक्य आहे! गेल्या शनिवारी ह्याच हॉलमध्ये मी ऋतिकाला शिकवलं, तिच्या ऑफिसात साहेबाला काय सांगायचं ते — ताठ बसायचं, नजर खाली घालायची नाही आणि म्हणायचं, 'मला दिवस गेलेत, यापुढे मला हलकं काम हवंय, मी परवानगी मागत नाहीये, कळवतेय.' सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू तेव्हा दारात खजुराचं दूध घेऊन उभी होतीस, नाही का? मला वाटलं, तुझं लक्ष पेल्यांकडे आहे. बरं झालं म्हणा, चांगला विचार कुठं ना कुठं झिरपतोच. पण ते साहेबाला म्हणायचं वाक्य आहे गं. मी काय तुझी साहेब आहे?

आणि उभी का? बस ना — अं, त्या गादीवर नको! एकच गादी काढलीस आणि हे बोलायला उभी राहिलीस, तिला आज धुतलेली खोळ घातलीय, बायका येतील आता. उंबऱ्यावर बस. नाही, उंबऱ्यावर नको, ह्या दिवसांत बसू नये म्हणतात — तुमच्यात मानत नसाल, पण आमच्यात… म्हणजे मी जात-बित काही मानत नाही हं, तुला ठाऊक आहे, तुला मी स्वयंपाकघरात अगदी ओट्यापर्यंत येऊ देते. तू उभीच राहा मग दोन मिनिटं. उभं राहिलं की पाठ सरळ राहते.

पण आनंद झाला हो मला, खरंच. कितवा महिना? चौथा? आणि आज सांगतेस? अख्ख्या नौपाड्यात गर्भसंस्काराचा वर्ग म्हटला की प्रमोदिनीताई, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि माझ्याच वर्गात गाद्या घालणाऱ्या मुलीची बातमी मला सगळ्यांत शेवटी! सवय झालीय म्हणा मला. आमच्या सलिलच्या बायकोनं तरी कुठं सांगितलं? पाचव्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, इवल्या मोज्यांचा — त्यात आम्हीही आलो आणि सलिलच्या चुलत माम्याही आल्या. तरी मी रोज इथून तिच्या पोटातल्या बाळासाठी श्लोक रेकॉर्ड करून पाठवायचे. तर तिनं मला म्यूट केलं होतं म्हणे. सलिलच बोलता बोलता बोलून गेला. साऱ्या ठाण्याच्या पोरांनी माझा आवाज पोटात असताना ऐकलाय, आणि माझ्या सख्ख्या नातीनं… जाऊ दे. काय सांगत होते मी? हं, गाद्या.

माळ्यावरून गाद्या काढायच्या नाहीत, स्टुलावर चढायचं नाही, पाण्याचा जार जिन्यातून आणायचा नाही, म्हणतेस. डॉक्टरांनी सांगितलं? डॉक्टर कशाला सांगायला हवेत, मी घसा फोडून तेच सांगत असते रोज! जड उचलू नका, वाकू नका, उंच चढू नका. पण जड म्हणजे काय, ते बघायला नको का आपण? गादी ती, कापसाची. कापसाला मेलं वजन कसलं? आणि ह्या येतात त्या मुली — दिवसभर खुर्चीत, धड मांडी घालता येत नाही, त्यांना सांगावंच लागतं. तुमची शरीरं कशी कामात घडलेली. पार मोहन्याहून लोकलनं इथवर येतेस, आल्या आल्या पदर खोचतेस, तुला कधी दमलेली बघितली नाही मी. म्हणजे बघितलीच नाही असं नाही, पण मनाला लावून घेतलं नाही. ऋतिकाला सांग एक गादी उचलायला — नको, सांगू नकोस, तिनं फी भरलीय.

मी उचलली असती गं, नाही असं नाही. पण माझी कंबर! वाकायचंच नाही म्हणून बजावलंय मला, आणि डॉक्टरांचं ऐकावं लागतं. दुसरी बाई बघायची तर कुणी टिकत नाही, वरचा मजला ऐकला की पळतात. अडला हरी म्हणतात ना, तशी गत माझी, अडला हरी… पुढचं म्हणत नाही, तुला राग येईल.

अशी बघू नकोस माझ्याकडे. मागच्या वेळचं मनात आणतेयस ना? तोंडावर दिसतंय तुझ्या. ते गाद्यांमुळे नव्हतं झालं. वर्गाचा वाढदिवस होता, सगळ्या गाद्या गच्चीवर न्यायच्या होत्या, घाई होती, मान्य. पण तू तेव्हा काही बोलली नव्हतीस. म्हणजे दिवस गेलेत एवढं बोलली होतीस, पण उचलणार नाही असं कुठं म्हणालीस? संध्याकाळी पोटात दुखतंय म्हणालीस, तर मी म्हटलं ना, जा लवकर — कार्यक्रम आटपला की. निसर्ग असतो तो, आपल्या हातात काय असतं? मी डॉक्टरांना विचारणारसुद्धा होते. आणि तू परत कामावर आलीस त्या दिवशी मी तुला गरम खिचडी केली होती, वर साजूक तूप. ते नाही आठवत तुला.

रडतेयस का? नाही ना? रडू नये ह्या दिवसांत, बाळ रडकं होतं.

आता माझं ऐक. मी तुझं डोहाळजेवण करते. इथंच, वर्गात! हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा — तुमच्याकडे करतात ना डोहाळजेवण? करतच असतील. फोटो काढून वर्गाच्या पेजवर टाकू, 'आमच्या मायाचंही', किती छान दिसेल! आणि बाळभेटीलासुद्धा बस तू रोज. फुकट. डोळे मिटायचे, दोन्ही हात पोटावर, आणि बाळाशी मनातल्या मनात बोलायचं. नियम तुला ठाऊकच आहे — आईनं एकदा डोळे मिटले की तिला कुणी हाक मारायची नाही. मीसुद्धा नाही. भूकंप झाला तरी नाही! परवा बाळभेटीत गॅसवाला आला, तर ओठांवर बोट ठेवून गप्प केला की नाही मी त्याला? आणि सिलिंडर तुला खुणेनंच सांगितला आत घ्यायला. तशीच तूही बस हक्कानं — आधी गाद्या घालून घ्यायच्या, मग बसायचं, मागं, दाराशी, म्हणजे बेल वाजली तर उघडताही येईल. एवढं कोण करतं गं आजकाल कामवालीसाठी?

बघ, हॉर्न वाजला. ऋतिकाच असणार. जा गं खाली, तिची पिशवी घे, जिन्यात दम लागतो तिला. आणि वर येताना जार आण — एकच आण, दुसरा मागाहून. झालं ना हलकं काम?

माया? अगं, कुठं बसतेस? त्या गादीवर नको म्हटलं ना, खोळ धुतलीय! ऊठ. ऊठ बघू. डोळे काय मिटतेस? आत्ता नाही गं, आत्ता बाळभेट नाहीये, अजून गाद्या निघायच्यात… ते हात काढ आधी पोटावरचे. माया! ए मा—

ये, ये ऋतिका. पिशवी तूच आणलीस? अगोबाई. हो… मायाच ती. बसलीय. हो, चौथा महिना. मला? मला तर केव्हाचंच ठाऊक होतं. नाही, नाही, हाक नको मारूस — हो, माझाच नियम, भूकंप झाला तरी. हळू बोल जरा. टाळ्या कसल्या वाजवतेस? तू बस, टेक तिथं भिंतीला. नाही, स्टुलाला हात लावायचा नाही तू, तुला उचलायचं नाहीये काही. मी काढते. त्यात काय एवढं, कापसाची तर गादी…

आई गं.

काही नाही, काही नाही. शू…